नुसत्या प्रश्नावलीने कौशल्य मोजलं जात नाही
प्रश्न असा आहे की 'मला राग आवरता येतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही' असा तक्ता मुलांकडून भरून घेतला, तर जीवनकौशल्यं मोजली असं म्हणता येईल का. तेवढ्यावर नाही म्हणता येणार.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडलेली दहा जीवनकौशल्यं (निर्णयक्षमता, समानुभूती, ताण हाताळणं वगैरे) वागण्यातून दिसतात. आणि बाईंना कोणतं उत्तर आवडेल हे १४ वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आम्ही मुलांची जीवनकौशल्यांची सत्रं घेतो. तिथल्या गटातल्या एका मुलीने पहिल्या दिवशी सगळीकडे 'नेहमी' लिहिलं, तीन महिन्यांनी 'कधीकधी'. कागदावर ती घसरली. खरं तर ती स्वतःकडे नीट पाहायला लागली होती! म्हणून शेवटी 'आज विचार केलास तर पहिल्या दिवशी कशी होतीस?' हेही विचारावं.

मग आम्ही कामच दिलं. पाच जणांनी ठरावीक पैशांत स्वारगेटहून सिंहगडाची सहल आखायची. भाडं कोण विचारून येतं, गप्प बसलेल्याला कोण बोलतं करतं, हे मी आणि माझी सहकारी अशा दोघींनी वेगवेगळं टिपायचं. सुरुवातीला आमच्याच नोंदी जुळेनात. मी जिला 'धीट' लिहिलं, तिला माझी सहकारी 'दुसऱ्याला बोलू न देणारी' म्हणाली. तेव्हापासून विशेषणं बंद, फक्त दिसलेली कृती लिहायची.

आणि कळकळीची विनंती, हे आकडे मुलांच्या प्रगतिपुस्तकात टाकू नका. ते आपलं सत्र कुठे कमी पडलं हे बघायला वापरा.