मदत हवी आहे: एसी सर्व्हिसिंगची कामे वर्षभर कशी पसरवावीत?

नमस्कार.

मी नाशिकमध्ये गेली नऊ वर्षे एसी आणि फ्रिज दुरुस्तीचे काम स्वतंत्रपणे करतो. माझ्या वहीत आज ३१२ ग्राहक आणि त्यांचे मिळून ४३० एसी आहेत, त्यामुळे कामाची टंचाई आहे असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की हे सगळे ग्राहक एकाच वेळी जागे होतात. होळी झाली की फोन सुरू होतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. या काळात हाताखालच्या एका मुलाला घेऊन दिवसाला पाच, फार तर सहा एसी होतात आणि जवळजवळ तेवढ्याच लोकांना मी "परवा येतो" म्हणून दुसऱ्याच्या दारी धाडतो. जुलै ते सप्टेंबर मात्र दिवसाला एक काम मिळाले तरी पुष्कळ. गाडीच्या हप्त्याला आणि गाळ्याच्या भाड्याला नक्षत्रे कळत नाहीत.

पैशांपेक्षा मोठे नुकसान माणसाचे होते. दर फेब्रुवारीत नवा मुलगा घ्यायचा, त्याला इनडोअर युनिटखाली पाण्याची पिशवी बांधण्यापासून तांब्याच्या नळीला फ्लेअर काढण्यापर्यंत सगळे शिकवायचे आणि त्याचा हात जरा बसला की पावसाळ्यात काम नाही म्हणून त्याने निघून जायचे, असे चार वर्षे चालले आहे.

गेल्या जुलैत मी व्हॉट्सॲपवर निम्म्या दराची सवलत जाहीर केली, म्हणजे ६०० रुपयांचे सर्व्हिसिंग ३०० रुपयांत. ४१ जणांनी ते करून घेतले. मार्चमध्ये त्यांना पुन्हा फोन केले, तेव्हा तिसांहून अधिक जणांचे उत्तर एकच होते: "आत्ताच तर झालंय की!" मी नवे काम मिळवले नव्हते, उन्हाळ्यातले काम पावसाळ्यात ओढून निम्म्या भावाने विकले होते.

आता वर्षातून दोन सर्व्हिसिंगचा करार करावा असा विचार आहे, पहिले फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरे पावसाळा सरताना. वहीतले निम्मे एसी जरी करारात आले, तरी दुसऱ्या फेरीची २१५ कामे होतात आणि ती ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या पंचाहत्तर दिवसांत वाटली तर रोज जवळपास तीन पडतात. एवढ्यात मुलाचा पगार निघतो. पण इथे माझे मन अडते. पावसाळी ओलाव्याने कॉइलवरची धूळ चिकट होते, पाण्याच्या ट्रेमध्ये बुळबुळीत थर धरतो, निचऱ्याची नळी तुंबते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी लावताच भिंतीवरून पाण्याचा ओघळ येतो, हे मी दरवर्षी पाहतो. म्हणून दुसरे सर्व्हिसिंग थोतांड नाही. तरीही ज्या घरात एसी एप्रिल-मे असा दोनच महिने चालतो, त्यांच्या गळ्यात ते मारणे मला पटत नाही.

इतर वाटाही चाचपून पाहिल्या. द्राक्षांच्या शीतगृहांची कामे मिळू शकतात, पण त्यांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे पुन्हा माझ्याच गर्दीच्या दिवसांत. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत आणि पंचवटीकडचे लॉजवाले आतापासून खोल्यांत एसी बसवून घेत आहेत. हे काम नेमके माझ्या रिकाम्या महिन्यांत येते. मात्र सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा येतो आणि लॉजवाल्यांकडून पैसे निघता निघत नाहीत, हा अनुभव एकदा घेऊन झाला आहे.

करार कोणाला द्यावा, पैसे एकदम घ्यावेत की हप्त्याने, आणि दुसऱ्या फेरीची तारीख ग्राहकाकडून पक्की कशी करून घ्यावी, याविषयी स्वतः असा व्यवसाय केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (कोल्हापूर, याच व्यवसायात बावीस वर्षे)

सवलतीत तुमचा तोटा झाला, पण तुम्ही समजता तेवढा नाही. मार्चमधल्या त्या तीस जागा तुम्ही एरवी परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांनी पूर्ण दराने भरल्या असणार. चूक दर पाडण्यात झाली, काम पुढेमागे करण्यात नाही. करारात सवलत देऊ नका. मे महिन्यात एसी बंद पडला तर चोवीस तासांत येईन, असा शब्द द्या. लोक पैसे त्या शब्दाचे देतात. तो जितक्यांना पाळता येईल तितकेच करार करा आणि पहिल्या वर्षी साठ-सत्तरच्या पुढे जाऊ नका. रक्कम दोन फेऱ्यांत निम्मी निम्मी घ्या. पहिल्या फेरीतच दुसरी तारीख ठरवून तिचे स्टिकर यंत्रावर चिकटवा आणि आठवडाभर आधी फोन करताना "करायचे का?" असे न विचारता "ठरल्याप्रमाणे मंगळवारी येतो" असे सांगा. दोन महिने एसी लावणाऱ्या घरांचा नाद सोडा. दातांचे दवाखाने आणि रक्त तपासणीच्या लॅब धरा, तिथे यंत्र बारा महिने चालते.

लॉजचे म्हणाल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते. ती असली की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. अर्थात कायदा दाखवून पुढचे काम मिळत नसते, म्हणून निम्मी रक्कम आधीच घ्यावी.

प्रतिसाद २

मी यातली जाणकार नाही, ग्राहक म्हणून लिहिते. आमच्याकडे घटस्थापनेआधी घर काढतात. एसी धुताना कितीही पिशवी बांधली तरी भिंतीवर काळे शिंतोडे उडतातच, त्यामुळे साफसफाई झाल्यावर कोणी एसी धुवायला आलेले घरात कोणालाच चालत नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात "घर काढण्याआधी एसी उरकून घेऊ" असा फोन आला, तर मी लगेच दिवस देईन. फक्त घरातली श्राद्धाची तिथी टाळा.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, हे नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आले नव्हते. काल कॉलेज रोडच्या बारा ग्राहकांना असाच फोन केला. आठ जणांनी पितृपंधरवड्यातले दिवस दिले आणि दर कोणीच विचारला नाही. कोल्हापूरच्या दादांना एकच विचारायचे आहे: करारातल्या ग्राहकाने ठरलेल्या दिवशी दार उघडले नाही, तर ती फेरी झाली असे धरता की पुन्हा जाता?