अनुभव धागा: परदेशातल्या अशांत काळात जुळलेली गाणी

मी गिटारवर स्वतःची गाणी बांधते आणि घरीच रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवते. पाठीशी कंपनी नाही, बँड नाही. माझ्या बहुतेक गाण्यांचं मूळ युक्रेनच्या खारकीवमधल्या सात दिवसांत आहे. परदेशात लढाईच्या काळात राहिलेल्या आणि गाणंवाजवणं करणाऱ्या सगळ्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे स्फोटांनी जाग आली. मी वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवरून आम्ही मेट्रो स्टेशनात उतरलो. गिटार सोबत आली ती पाठीवर अडकवता येते म्हणूनच. बाहेरच्या थंडीतून खालच्या उबेत आलं की तारा उतरायच्या, पुन्हा जुळवायला लागायच्या. फलाटावर माणसं झोपलेली, थांबलेल्या डब्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं. तिथे मोठ्याने वाजवणार कशी? मी ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे, तारांखाली हातमोजा सरकवला. आवाज दबला, लाकडावर बोट आपटल्यासारखा झाला. शेजारच्या आजी मांडीवर ताल धरायच्या. माझं रशियन दवाखान्यापुरतं. कशावर गाणं आहे, असं त्यांनी विचारलं. "पाण्याच्या रांगेवर," म्हटलं. त्यांनी मान डोलावली. सकाळी त्याच रांगेत त्या माझ्यापुढे होत्या.

२ मार्चला भारतीय दूतावासाची सूचना आली: खारकीव ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत पिसोचिन, बबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. गिटार आजींकडे ठेवली. २६ मार्चला शहरातल्या एका मेट्रो स्टेशनात वादकांनी मैफल केली, ते व्हिडिओ मी घरी बसून पाहिले आणि गर्दीत आजींचा चेहरा शोधत राहिले. माझ्या रेकॉर्डिंगमधला तो मऊ आवाज कुठल्या माइकचा, असं लोक विचारतात. तारांखाली अजून कापड असतं.

*

ताई, वाचून कुवेत डोळ्यांपुढे आलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज शिरली तेव्हा मी १५ वर्षांचा होतो. रस्त्यावर सैनिक, म्हणून बाबांनी माझं गिटार वाजवणं बंद केलं. मग मी उजवा हात मांडीवर ठेवून नुसती डाव्या हाताची बोटं फिरवायचो. बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे) मी असे, एकदाही न ऐकता शिकलो. सप्टेंबरात बसने बगदादमार्गे अम्मान आणि तिथून एअर इंडियाचं विमान. त्या दोनेक महिन्यांत लाखाहून जास्त माणसं अशी परत आली. गाणं सुचायला मात्र वीस वर्षं लागली. त्यात दोन कडव्यांच्या मध्ये आठ मात्रा तार छेडायचीच नाही, फक्त कॉर्ड बदलायचे. ऐकणाऱ्यांना वाटतं मी विसरलो. वाटू दे, ती जागा मी भरणार नाही.

*

दक्षिण सुदानची राजधानी जुबा, जुलै २०१६, लढाईचे दिवस. मी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होतो. आवारात हजारो विस्थापित. तिथल्या एका मुलाने तेलाचा डबा आणि ब्रेकच्या वायरीपासून वाद्य केलं होतं. मी त्याला गिटारच्या तारांचा संच दिला. त्याने पाच घेतल्या आणि सहावी परत केली.

*

लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. २०१९ पासून दोन वर्षं मी काबूलला कामाला होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने शिकवलेली एक ओळ माझ्या गाण्यात होती, तिच्याच आवाजात. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं, त्यानंतर ते गाणं मी सगळीकडून काढून टाकलं. आवाज ओळखला गेला असता तर? पुढे २०२३ मध्ये हेरातला तालिबानने जप्त केलेली वाद्यं जाळली, तेव्हा घाई केली याचं बरंच वाटलं. आता त्या ओळीच्या जागी मी नुसती गुणगुणते.

*

ताई, तिने हे नवं ऐकलंय का?

*

ऐकलंय, फोनवर. म्हणाली, "एक सूर वर घे. मी तिथून म्हणायचे." तेवढं दुरुस्त करून परत रेकॉर्ड केलं.