अनुभव धागा : तुमच्या घरात थंडी कुठून शिरते?

मंडळी, मागच्या वर्षी मगरपट्ट्याहून पाषाणला राहायला आले. पुण्यातल्या पुण्यात, पण पहिल्याच डिसेंबरात हुडहुडी भरली. पाषाण-एनडीएकडचा पारा तिकडच्यापेक्षा बराच खाली असतो, हे पेपरात नुसतं वाचलेलं. तिकडे काँक्रीट रात्रभर ऊब सोडतं. इकडे झाडी, मोकळी जमीन, ती निरभ्र रात्री झपाट्याने निवते. जुन्या घरात कुठली खिडकी कधी लावायची ते हाताला ठाऊक होतं. इथे आत्ता कुठे कळायला लागलंय की ऊन साडेआठला ओट्यावर येतं आणि दाराखाली जुनी चादर लागते. तुमची तुमच्या जागेशी अशी ओळख कशी झाली? लिहा.

द्राक्षवाला, निफाड
आमच्याकडे थंडी माणसाच्या आधी बागेला लागते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, एकदम उतरला तर मणी तडकतात. पण सगळा प्लॉट सारखा गारठत नाही. गार हवा जड, ती ओढ्याकडच्या खालच्या ओळींत साचते. हे मला पहिल्या वर्षी कुठे माहीत! घराजवळ सोपं पडतं म्हणून वरच्या बाजूला शेकोट्या पेटवत बसलो आणि खालचा माल गेला. वडील काही बोलले नाहीत. आता खालीच पाचट धुमसत ठेवतो आणि पहाटे ड्रिप सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असली तरच हे जमतं, ती वेगळी रड.

पूर्वाश्रमीची मिनियापोलिसकर
तिथे सहा हिवाळे काढले. उणे पंचवीसलाही शांत झोप लागायची, कारण अख्खं शहर त्या थंडीसाठीच बांधलंय. ऑफिसपर्यंत काचेच्या बंद पुलांवरून जायचं, गाडीत फावडं आणि ब्लँकेट कायमचं. मग थंडीला कंटाळून डॅलसला आलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पारा उणे १९ वर गेला आणि वीज गेली. मी जन्मात एवढी काकडले नाही. शेजारच्या आजींनी सांगितलं होतं, नळ थेंबथेंब चालू ठेव, सिंकखालची कपाटं उघडी ठेव. मी म्हटलं, मिनेसोटात राहिलेल्या मला काय सांगता! पण इथे पाण्याचे पाइप माळ्यावरून जातात. रात्री ते गोठून फुटले आणि छतातून धो धो पाणी. मुख्य कॉक कुठे, ते दोघांनाही माहीत नाही. टॉर्च घेऊन बर्फात शोधत होतो. पुढच्या अंगणात, मीटरच्या झाकणाखाली आहे. त्याची चावी आता गराजमध्ये खिळ्याला लटकते. थंडीचा इशारा आला की आधी तिच्याकडे बघून येते.

आंबेकर, रत्नागिरी
थंडी पडली की मोहोर, म्हणून आम्ही तिची वाट बघतो. फार रेंगाळली तर मात्र पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली कैरी गळते. पाहुणी म्हणूनच बरी ती.

मुंबईकर
पंखा एकवर. झाला हिवाळा.

धागाकर्ती
डॅलसचं वाचून उठले आणि सोसायटीत आमचा कॉक कुठे ते विचारून आले. वॉचमनलाही माहीत नाही. निफाडकर दादा, आज लाइट कुठली?

द्राक्षवाला, निफाड
रात्रीची आहे ताई. अडीचचा गजर लावलाय.