सीलबंद ‘बाडूइझम’ : वाजवायची की विकायची?

नादखुळा : अमेरिकन सोल गायिका एरिका बाडूच्या ‘बाडूइझम’ या अल्बमच्या जुन्या, सीलबंद एलपीचा (म्हणजे मोठ्या तबकड्यांचा) फोटो काल एकाने टाकला. खाली लिहिलं, ‘सील तोडणार नाही, पाच वर्षांनी दुप्पट भाव येईल.’ वाचून डोकंच फिरलं. १९९७ साली डॅलसची ही बाई पहिल्याच अल्बममध्ये काय घेऊन आली! ‘ड्रामा’ या गाण्यात डबल बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) वाजवलाय रॉन कार्टरने, साठच्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या साथीला असलेल्या माणसाने. ‘अदरसाइड ऑफ द गेम’मागे द रूट्स हा हिप-हॉप बँड आहे. आणि हे तुम्ही प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवणार? पैसे गुंतवायचे तर मुदत ठेव करा ना.

रात्रपाळी : पैसे त्याचे, तबकडी त्याची. आणि अल्बम आला तो सीडीच्या जमान्यात, जवळजवळ तासभराचा. एलपीवर दर पंधरा मिनिटांनी उठून बाजू पलटायची, यात कसलं आलंय अस्सलपण? माझी सीडी कॉलेजपासून वाजतेय, एक खरखर नाही.

नादखुळा : या एलपीला दोन तबकड्या का लागतात, ते तरी बघा. एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि आधी बास, म्हणजे खालचा जाड सूर, मरतो. या अल्बमचा तर जीवच बासमध्ये आहे.

माडाखाली : सीलबंद ठेवणाऱ्यांनी आमच्याकडे मालवणात एक पावसाळा काढावा. पुठ्ठ्याला बुरशी धरते. उन्हाळ्यात ते आवळलेलं प्लास्टिक आणखी ताणतं आणि तबकडी वाकते. आजोबांच्या लाखेच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या काकांनी भंगारात दिल्या, ते आठवलं की आजही पोटात तुटतं. एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग उभा करायचे त्यांवरचे गवई!

रात्रपाळी : आजोबांचा इथे काय संबंध?

माडाखाली : संबंध कसा नाही? घरच्यांना किंमत कळली नाही म्हणून गेल्या त्या. कुणी कुलपात ठेवल्या असत्या तर आज माझ्याकडे असत्या. तुम्ही सगळे त्या फोटोवाल्यावर तुटून पडलात, पण जुने आवाज वाचले ते जपणाऱ्यांमुळेच.

नादखुळा : चूक! ज्यांनी वाचवले ते ऐकणारे होते. तबकड्या लावायचे, टेपवर उतरवून चार जणांना द्यायचे. भाव वाढायची वाट बघत नव्हते.

माडाखाली : सगळेच साधुसंत नव्हते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तबकडीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. तरी त्यांच्या पश्चात तो संग्रह शाबूत मिळाला. भंगारात गेला नाही, एवढं तरी मान्य करा.

नादखुळा : बरं, एवढं मान्य. पण लाखेच्या तबकड्या पुन्हा निघायच्या नव्हत्या. ‘बाडूइझम’ला आणि त्यातल्या ‘ऑन अँड ऑन’ गाण्याला १९९८ साली एकेक ग्रॅमी मिळालं, प्रती लाखोंनी खपल्या, एलपी नव्याने छापूनही आली. हिला कुलपात ठेवून कुणाला वाचवताय?

रात्रपाळी : म्हणजे नवी छापील प्रत मिळते, तर त्याने जुनी बंद ठेवली म्हणून तुमचं काय गेलं? तुम्ही स्वतःच माझा मुद्दा मांडलात.

नादखुळा : ठीक आहे, ठेवू दे त्याला बंद. पण नवी प्रत घेऊन निदान ‘ड्रामा’ तरी ऐक म्हणावं. नुसता भाव सांगणाऱ्याशी या अल्बमबद्दल मला बोलायचं नाही.