तालुक्याच्या ठिकाणी स्त्रियांसाठी निवारागृह हवे की नको? अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते आणि निवृत्तीनंतर बचत गटांचे काम पाहते. आमच्या एका सभासद ताईंनी आपले चार खोल्यांचे जुने घर सामाजिक कामासाठी देऊ केले आहे. घरातील मारहाणीमुळे बाहेर पडावे लागलेल्या स्त्रियांसाठी तेथे निवारा सुरू करावा, अशी सूचना आली आणि त्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडले. महिनाअखेरच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘ही घरे मोडण्याची कामे आहेत’ हा आक्षेप मी सोडून देते. तो दर वेळी कोणीतरी घेतोच. ‘आपल्याकडे तक्रारी येतातच किती?’ हा प्रश्न मात्र एका समंजस गृहस्थांनी विचारला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, तेव्हा पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवरून गरज मोजता येणार नाही, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा असा की, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र असते, तेथे 5 दिवसांपर्यंत राहता येते आणि पुढे शक्ती सदनाची, म्हणजे जास्त दिवस राहण्याच्या सरकारी निवाऱ्याची सोय असते, मग तालुक्याला वेगळा खर्च कशाला? हे म्हणणे चुकीचे नाही, पण जतहून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे आणि तालुक्यातल्याच उमदी किंवा संखकडच्या बाईला आधी जत गाठावे लागते. मारहाण बहुधा रात्री होते, शेवटची एसटी गेल्यावर.

मागच्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी रात्री अकराच्या सुमारास तीन मुलांना घेऊन माझ्या दारात आली. तिच्या काखेत पिठाचा डबा होता. मी तो ओट्यावर ठेवायला गेले, तर तिने घट्ट धरला. पिठाच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, आधार कार्डे आणि साडेसातशे रुपये होते. म्हणजे ही तयारी त्या रात्रीची नव्हती. दुसऱ्या दिवशी नवरा भावकीतील चौघांना घेऊन फाटकाशी येऊन बसला आणि दुपारपर्यंत हलला नाही. तिला जिल्ह्याला नेण्याचे ठरवले, तेव्हा थोरल्या मुलाचा प्रश्न आला, कारण शक्ती सदनात आईबरोबर मुलगे 12 वर्षांपर्यंतच राहू शकतात आणि तो 14 वर्षांचा होता. ती म्हणाली, “बाई, ह्याला त्याच्यापाशी सोडला, तर उद्या हाच माझ्यावर हात उचलंल.” चौथ्या दिवशी ती परत सासरी गेली.

एवढे होऊनही निवारागृहाच्या बाजूने मी ठाम नाही. सर्वांत वजनदार विरोध आमच्यातील एका वकील ताईंचा आहे. घर बाईनेच का सोडायचे, असे त्या विचारतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 ने तिला सामायिक घरात, म्हणजे नवऱ्याबरोबर ती राहत आली त्या घरात, राहण्याचा हक्क दिला आहे, कलम 19 खाली न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. हे सर्व मान्य. पण याच कायद्यात पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे, आणि तेवढ्या रात्री तिने कोठे झोपायचे? तालुक्याच्या पूर्व भागातील अनेकींचे माहेर कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात आहे. कलम 27 मुळे त्या तात्पुरत्या राहतात तेथूनही अर्ज करू शकतात, परंतु माहेरचे दार उघडे असेल तरच.

मला खरी भीती पत्त्याची वाटते. मोठ्या शहरात निवाऱ्याचा पत्ता गुप्त राहू शकतो. आमच्याकडे कोणाच्या घरी दुधाचा रतीब वाढला, हेही दुसऱ्या दिवशी पेठेत कळते. म्हणून मला असे वाटू लागले आहे की, पूर्ण निवारागृहाऐवजी दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाची खोली, रात्री फोन उचलणारे माणूस आणि खात्रीच्या चालकाची एक गाडी एवढेच आधी उभे करावे.

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया काही गोष्टी सांगाव्यात. कायद्याप्रमाणे ‘निवारागृह’ राज्य सरकारने अधिसूचित केलेले असावे लागते. दोन रात्रींच्या मुक्कामासाठीही आपण त्या वाटेने गेलात, की कलम 10 खाली सेवा पुरविणारी संस्था म्हणून नोंदणी करून भागले? नवरा फाटकाशी येऊन बसला, तेव्हा आत कोण होते आणि पोलिसांशी आधी काय बोलून ठेवले होते? मराठी नीट न येणाऱ्या, फक्त कन्नड बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे कोणी लिहून घेतले? आणि बारा वर्षांवरील मुलाला आईपासून न तोडता कोणी ठेवू शकले असेल, तर ते कसे जमवले, हे सर्वांत आधी सांगावे.