आठवीत कानस हाती दिली तर पोराचं शिक्षण बुडते काय?

हिंगण्याचा फिटर: काल इथं एकानं लिहिलं, "शाळेत हाताचं काम आणणं म्हणजे गरिबाच्या पोराला पुन्हा मजुरीत ढकलणं." रात्रभर डोक्यात घुमून राह्यलं. मी टेक्निकल हायस्कूलचा. आठवीत सरांनी लोखंडाचा तुकडा दिला, कानसनं (लोखंड घासायच्या अवजारानं) घासून गुण्यात आण म्हणे; गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. तीन तास घासला तरी गुण्या लावला की खालून उजेडाची बारीक रेघ दिसायचीच. काटकोन मी तिथं शिकलो. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनावर, ०.०२ मिमी वाचता आलं अन् दशांशाची भीती गेली. अन् गणित-विज्ञान बाकी पोरांइतकंच होतं, दहावीनंतर डिप्लोमा केला. मजुरीत कोण ढकललं मला?

महालकर: ते मीच लिहिलं होतं अन् आजही तेच म्हणतो. माझे वडील सुतार. सातवीत गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तू कशाला इंग्रजीचं टेन्शन घेते, तुला रंधाच मारायचा आहे. वकिलाच्या पोराले असं कोणी म्हटलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण लिहिलं आहे, पण वर्कशॉपकडं कोणाची पोरं वळवतील ते मला माहीत आहे.

दोन पोरांची आई, धरमपेठ: वर्कशॉपचं सोडा हो, इथं अकरावीत कॉलेजच नाही! नाव एका कॉलेजात, पोरगी सकाळी सातपासून क्लासमध्ये. प्रॅक्टिकलची जर्नल क्लासमधल्या मैत्रिणीची उतरवली, ब्युरेट (रसायनाच्या प्रयोगातली मापाची नळी) हातात धरली ती थेट बोर्डाच्या परीक्षेत. फी दोन्हीकडं भरली आम्ही.

हिंगण्याचा फिटर: मग भरली काहून? तुम्ही पालकच नाव नोंदवता अन् कॉलेज ओस पडते.

दोन पोरांची आई, धरमपेठ: सगळ्यांची पोरं जातात तेव्हा एकट्या माझ्या पोरीले घरी बसवू काय? शहाणपणा शिकवू नका. नीटचे मार्क तुम्ही आणून देणार काय?

महालकर: भांडा तुम्ही. पण ताईंच्या पोरीचे हात कोरेच राह्यले, हे खरं आहे.

हिंगण्याचा फिटर: तेच तर म्हणून राह्यलो! १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली ती आपल्या शेजारी वर्ध्याले, अन् ती सगळ्याच पोरांसाठी होती. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानंही कार्यानुभव, म्हणजे शाळेत हाताचं काम, सांगितला.

महालकर: कार्यानुभव! आमच्या शाळेत क्रेपच्या कागदाची फुलं केली, तीही बहिणीनं, अन् मार्क मला. टेक्निकलचा सर रिटायर झाला की जागा भरत नाही, मशीनवर ताडपत्री चढते. तुमचे सर चांगले निघाले हे तुमचं नशीब.

हिंगण्याचा फिटर: नशीब होतं, कबूल. अन् गुरुजींचं ते वाक्य वाचून मलाही वाईट वाटलं, रागात लिहायला बसलो तेव्हा हे माहीत नव्हतं.

महालकर: ठीक. वकिलाचं पोरगं अन् सुताराचं पोरगं एकाच बाकावर कानस घासत असेल, अन् दोघांनाही बीजगणित तेवढंच असेल, तर माझी ना नाही. पण "हुशार पोरांना ऐच्छिक" असं लिहिलं की मी पुन्हा इथं भांडायला येईन.