न्यूरेंबर्गहून एका दिवसात: आईबाबांना जर्मनीतलं लहानसं गाव दाखवायचंय, कुठलं सुचवाल?

एर्लांगनवासी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. मोठी शहरं, किल्ले, चर्च हे सगळं होईलच, पण बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलंय, "मला एक खेडं बघायचंय, जिथे बसमधून पर्यटक उतरत नाहीत."

बाबा निपाणीचे, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सीमाभागातला जन्म असल्यामुळे सीमा हा विषय निघाला की ते तासभर बोलतात. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. गाडी आहे. दोनेक तासांच्या अंतरावरचं, खरोखर इतिहास असलेलं एखादं गाव सुचवाल का?

पाऊलवाट

ताई, बाबा निपाणीचे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं: म्योडलारॉयट. हॉफ शहराच्या उत्तरेला, बव्हेरिया आणि थुरिंगिया यांच्या सीमेवर. वस्ती जेमतेम चाळीस-पन्नास माणसांची. न्यूरेंबर्गहून ए-९ महामार्गाने दीड-पावणेदोन तास.

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. नाव ओढ्याचं, पण बऱ्याच ठिकाणी एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच. १८१० साली हा ओढा बव्हेरियाचं राज्य आणि रॉयस नावाचं छोटं संस्थान यांच्यामधली हद्द ठरला आणि काठाने दगड रोवले गेले. माझा आग्रह आहे की बाबांना गावातल्या सीमेच्या भिंतीकडे (तिच्याबद्दल पुढे सांगतो) नेण्याआधी हे दगड दाखवा. एका अंगाला 'के बी', म्हणजे बव्हेरियाचं राज्य. दुसऱ्या अंगाला 'एफ आर', म्हणजे रॉयसचं संस्थान. दगड खडबडीत आहे, अक्षरं बोटाने चाचपता येतात.

पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं या हद्दीने कुणाचं काही अडवलं नाही. शाळा आणि गावातलं वीर्टसहाउस (खाणावळ म्हणा, पारही म्हणा) थुरिंगियाच्या बाजूला, तर चर्चला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. गाव कागदावर दोन होतं, व्यवहारात एक.

१९४५ मध्ये जर्मनी युद्ध हरल्यानंतर तीच रेघ अमेरिकन आणि सोव्हिएत ताब्यातल्या विभागांची सीमा झाली आणि १९४९ मध्ये दोन देशांची: बव्हेरिया पश्चिम जर्मनीत, थुरिंगिया पूर्व जर्मनीत. १९५२ हे साल बाबांना मुद्दाम सांगा. त्या वर्षी पूर्व जर्मनीने सीमेलगत पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला आणि अगदी हद्दीजवळ पाचशे मीटरचा आणखी कडक पट्टा. 'भरवशाची नाहीत' असं ठरवलेल्या कुटुंबांना घरंदारं सोडून आत कुठेतरी नेऊन टाकलं. थुरिंगियातल्या त्या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'उंगेत्सीफर', म्हणजे घरात होणारी कीड. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचू शकलो नाही.

त्याच वर्षी गावात लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा आणि १९६६ मध्ये ३.३० मीटर उंचीची, ७०० मीटर लांब काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक गावाला 'छोटं बर्लिन' म्हणायचे. पश्चिमेकडच्यांना हात हलवायला मोकळीक होती, पूर्वेकडच्यांना उलट हात हलवायलाही बंदी. समोर तुमचा चुलता उभा आणि तुम्ही मान वळवून निघून जायचं.

सायकलने सर्वत्र

+१. पाऊलवाट यांच्या माहितीत थोडी भर. ही भिंत ओलांडण्यात एकच माणूस यशस्वी झाला, १९७३ साली, शिडी लावून. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली, पण इथल्या लोकांना पायी पलीकडे जायला ९ डिसेंबर उजाडावा लागला. त्याच ९ डिसेंबरला हॉफमध्ये दोन्हीकडचे निसर्गप्रेमी जमले आणि सीमेची १,३९३ किलोमीटरची पट्टी 'हरित पट्टा' म्हणून राखायची मागणी पुढे आली. चाळीस वर्षं माणूस फिरकला नव्हता, त्यामुळे तिथे पक्षी आणि झाडं टिकून राहिली होती. मी त्या पट्ट्यातून सायकल चालवली आहे. आजूबाजूला नांगरलेली शेतं आणि मध्येच रानटी गवताची लांबच लांब पट्टी.

म्योडलारॉयटची भिंत १७ जून १९९० ला पाडली, एक तुकडा तेवढा ठेवला. तो, टेहळणी मनोरा आणि तारेचं कुंपण आता संग्रहालयाचा भाग आहेत. निघण्याआधी वेळा बघून घ्या.

हिमगौरी

ताई, मी सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून व्यवहाराचं सांगते. गाव चालायला अगदी थोडं आहे, पण भिंतीजवळ गवतावरून जावं लागतं, तेव्हा आईंना चांगले बूट घालायला सांगा. थंडीत नेऊ नका, तो भाग फार गार. आईंसाठी दशम्या-चटणीचा डबा बरोबर ठेवा, गावात खाण्याच्या भरवशावर राहू नका.

परत येताना हॉफ स्टेशनवर दहा मिनिटं थांबा. प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या पूर्व जर्मन लोकांच्या गाड्या १ ऑक्टोबर १९८९ ला इथेच पोहोचल्या. बाबांना ते फलाट बघायला आवडतील. हॉफच्या रस्त्यावर पितळी हंडा घेऊन सॉसेज विकणारा माणूस दिसेल. ते तुमच्या आईंच्या कामाचं नाही, पण हंड्याखाली कोळशाची शेगडी असते, ती बघण्यासारखी आहे.

एर्लांगनवासी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका. आता गाव एकच झालं का? म्हणजे ग्रामपंचायत वगैरे?

पाऊलवाट

नाही, आणि बाबांना हे सर्वांत जवळचं वाटेल. आजही ओढ्याच्या एका काठाला बव्हेरियाचं ट्योपेन, दुसऱ्या काठाला थुरिंगियाचं गेफेल. पिनकोड वेगळे, फोनचे कोड वेगळे, गाड्यांच्या नंबरपाट्या वेगळ्या. नमस्कार करताना एकीकडे 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, दुसरीकडे 'गुटेन टाग'. फक्त आता मधून ये-जा करायला कुणाला विचारावं लागत नाही.

एर्लांगनवासी

काल जाऊन आलो. बाबा दगडापाशी उकिडवे बसले आणि दोन्हीकडची अक्षरं वहीत उतरवून घेतली. आई ओढ्याच्या काठी उभी होती. तिने विचारलं, "एखादीचं माहेर पलीकडे असेल, तर ती दिवाळसणाला कशी जायची गं?" संग्रहालयातल्या बाईंना मी तो प्रश्न जर्मनमध्ये विचारला, दिवाळसणाच्या जागी ख्रिसमस घालून. त्या म्हणाल्या, जाता यायचं नाही, पन्नास पावलांवर असलं तरी.

आई मग बराच वेळ ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर जात होती.